आधाररेषा

1802 सालच्या एप्रिल महिन्यात मद्रासजवळच्या सपाट मैदानावर एक पोलादी साखळी ताणून जमीन मोजण्याचे काम सुरू झाले. शंभर फूट लांबीची ही साखळी मुळात चीनच्या सम्राटाला नजर करण्यासाठी नेलेल्या वस्तूंपैकी होती. सम्राटाने ती नाकारली आणि हिंडत हिंडत ती हिंदुस्थानात आली. विल्यम लॅम्ब्टन ह्या लष्करी अधिकाऱ्याने तिच्या साहाय्याने सेंट थॉमस माउंटपासून दक्षिणेकडे पेरुंबाक्कमच्या टेकडीपर्यंत साडेसात मैलांहून किंचित अधिक लांबीची एक सरळ रेषा मोजली. उन्हाळ्याचे दिवस होते. पोलाद उष्णतेने वाढते, म्हणून साखळी लाकडी पेट्यांत ठेवून तिच्या शेजारी तापमापके मांडण्यात आली होती. वाढीचा हिशोब करून प्रत्येक माप दुरुस्त केले जात होते. मे महिन्याच्या अखेरीस काम संपले. ह्या एका रेषेवर मग एकेक त्रिकोण रचला जाऊन त्यांची साखळी कन्याकुमारीपासून डेहराडूनपर्यंत पोहोचली आणि तिच्या शाखांवरून हिमालयाच्या शिखरांची उंची ठरली.

पेरुंबाक्कम आज शोळिंगनल्लूर तालुक्यात मोडते. जुन्या महाबलिपुरम रस्त्याच्या दुतर्फा उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींत संगणकाच्या कामासाठी आलेले हजारो तरुण बसतात. त्यांत पुण्याकडचे, नागपूरकडचे मराठी लोकही आहेत. त्यांतल्या कोणाला लडाखचे जुने आणि नवे नकाशे हवे झाले, मग ते प्रवासासाठी असोत, घरातील कोणी तिकडे सैन्यात असल्यामुळे असोत किंवा निव्वळ जिज्ञासेपोटी असोत, तर त्याच्यापुढे काय येते? रेनेलचा 1782 सालचा हिंदुस्थानचा नकाशा मिळतो. त्यात उत्तरेकडे डोंगरांची ओळ चितारलेली आहे आणि तिच्यापलीकडे फारसे काही नाही. एकोणिसाव्या शतकातील भारतीय सर्वेक्षण खात्याची पाने मिळतात, 1950 च्या दशकात अमेरिकी लष्कराने काढलेली मालिका मिळते, आणि हातातील दूरध्वनीवर आजचा नकाशा असतोच. ह्या प्रत्येकात डोंगर जवळजवळ तेच असतात, नद्याही त्याच. रेषा मात्र निरनिराळ्या असतात. गावांची नावे बदलतात, काही गावे एका पानावर असतात आणि पुढच्या पानावर नसतात. शोधणाऱ्याने लडाख पाहिलेले नाही. मग ह्यांतील कोणावर त्याने विश्वास ठेवावा? हा प्रश्न भूगोलाचा वाटतो, पण त्याचे मूळ ज्ञानमीमांसेत आहे आणि त्याचा शेवट नीतिविचारात होतो.

न्यायदर्शनाने ज्ञानाची जी साधने सांगितली त्यांत प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द ही तीन येथे कामी येतात. लॅम्ब्टनने पेरुंबाक्कमपर्यंत जी रेषा मोजली ती प्रत्यक्षाची. तिच्यावरील लांबी माणसाच्या हाताखालून गेलेली होती. त्यापुढील सारे अनुमान. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. तेथे पाय टेकण्याची गरज नसते. अधूनमधून बीदर, सिरोंज, डेहराडून अशा ठिकाणी नव्या आधाररेषा मोजून गणित बरोबर आले की नाही हे पडताळून पाहिले गेले, तेवढेच प्रत्यक्षाचे टेकू. आणि जो माणूस शोळिंगनल्लूरला बसून तयार नकाशा उघडतो, त्याच्यापाशी प्रत्यक्षही नसते आणि अनुमानही नसते. त्याच्या वाट्याला केवळ शब्द येतो. नकाशा चित्रासारखा दिसतो म्हणून तो डोळ्यांना पटतो; वस्तुतः ती दुसऱ्याने दिलेली साक्ष असते.

शब्द प्रमाण केव्हा मानावा? तो आप्ताचा असेल तेव्हा, असे नैयायिक सांगतात. आणि वात्स्यायनाने आप्ताची ओळख दोन गोष्टींनी करून दिली आहे. त्याने वस्तू स्वतः जाणलेली असावी, आणि जशी जाणली तशीच दुसऱ्याला सांगावी ह्या इच्छेने तो बोलत असावा. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ ह्या सर्वांना सारखेच लागू पडते, असेही तो स्पष्ट करतो. लॅम्ब्टनच्या हाताखालच्या फौजेला ह्या उदारतेचा लाभ द्यावयास हरकत नाही. त्यांनी काय जाणले ह्याविषयी शंका घेण्याजोगे फार थोडे आहे. शंका दुसऱ्या अटीविषयी आहे. जे जाणले ते सगळे सांगण्याची इच्छा त्यांना होती काय, आणि कोणाला सांगण्याची?

इंग्रजी मोजणीपूर्वी उत्तरेचे ज्ञान महाराष्ट्रात नव्हते असे मुळीच नाही. 1758 साली रघुनाथरावाच्या फौजा लाहोरपर्यंत गेल्या होत्या, आणि पेशवेकालीन पत्रांत उत्तरेचा प्रदेश मुक्कामांच्या ओळीने उभा राहतो: अमुक गावाहून कूच केले, इतक्या कोसांवर नदी, उतार सापडला, पलीकडे मुक्काम. 1857 च्या धामधुमीत उत्तरेत सापडलेल्या गोडसे भटजींनी आपला ‘माझा प्रवास’ पुढे कागदावर उतरवला आणि तो 1907 साली प्रसिद्ध झाला. वरसईहून झाशीपर्यंतचा एवढा मुलूख त्यात मजला आणि माणसे ह्यांच्याच साहाय्याने ओळखता येतो. कोसाची लांबी प्रांतोप्रांती बदले, हे खरे. तरी त्या ज्ञानात एक गुण होता. वाट सांगणारा माणूस समोर असे. त्याने चुकीची वाट सांगितली तर परत येऊन त्याला जाब विचारता येई. निदान ‘त्या गावच्या वाटाड्याने फसवले’ असे पत्रात लिहिता येई. ज्ञान ढोबळ होते, परंतु साक्षीदाराला नाव होते. त्रिकोणांच्या जाळ्याने ढोबळपणा घालवला आणि त्याबरोबर साक्षीदारही नाहीसा केला.

तो कसा नाहीसा झाला हे पाहण्यासारखे आहे. 1808 साली लॅम्ब्टन तंजावरला होता. अर्ध्या टनाच्या आसपास वजनाचे त्याचे थिओडोलाइट यंत्र बृहदीश्वराच्या शिखरावर चढवले जात असताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळून वाकले. त्याच मंदिराच्या भिंतींवर पाचच वर्षांपूर्वी सरफोजीराजांनी भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला होता. एकाच दगडी वास्तूवर एका राजकुलाने आपली कहाणी लिहावी आणि त्या राजकुलाची सत्ता संपवणाऱ्यांनी तिचाच उपयोग दूरवरचे टेहळण्यासाठी करावा, हा योग केवळ योगायोग म्हणून सोडून देता येईल. पण त्यातील फरक नजरेआड करू नये. शिलालेखात कोण बोलतो आहे हे पहिल्या ओळीपासून कळते. लॅम्ब्टनने तंबूत स्वतःला कोंडून घेऊन यंत्र आठवडेच्या आठवडे खपून सरळ केले, ह्याची कथा सर्वेक्षणाच्या प्रत्येक इतिहासात येते. ते यंत्र शिखरावर ओढणाऱ्या माणसांविषयी कोणी काही लिहिलेले नाही. पुढे दख्खनच्या जंगलांत तापाने मेलेल्या खलाशांची आणि निशाणवाल्यांचीही तीच गत झाली. खुद्द लॅम्ब्टन हैदराबादहून नागपूरकडे जाताना 20 जानेवारी 1823 रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे वारला आणि तेथेच पुरला गेला. त्याचे थडगे आहे. निदान ज्याला शोधावयाचे त्याला ते शोधता येते.

त्याच्यामागून आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टच्या काळात ही रेषा 1841 च्या सुमारास हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेण्यात आली. गंगेच्या सपाट प्रदेशात उंचवटे नव्हते म्हणून मनोरे बांधले गेले. दृष्टिरेषेत झाडे आली तर ती तोडली गेली, घरे आली तर तीही पाडली गेली. नुकसानभरपाई दिली जात असे, तरीही ज्याचे घर पडले त्याला हे घर कोणाच्या आड आले हे कळले असेल काय? त्याच्या दारातून जाणारी रेषा अदृश्य होती. 1843 मध्ये डेहराडून येथे सर्वेक्षण खात्याच्या मजुरांना एका गोऱ्या न्यायाधिकाऱ्याने वेठीला धरले, तेव्हा खात्यातील गणिती राधानाथ सिकदार ह्यांनी त्याला विरोध केला. त्याबद्दल सिकदारांना दोनशे रुपये दंड झाला. हेच सिकदार पुढे कलकत्त्याला मुख्य गणक झाले, आणि ज्या गणितातून 1852 च्या सुमारास ‘पंधरावे शिखर’ सर्वांत उंच ठरले त्या गणिताशी त्यांचे नाव जोडले जाते. 1856 मध्ये 29,002 फूट ही उंची जाहीर झाली तेव्हा शिखराला नाव मिळाले ते एव्हरेस्टचे. सर्वेक्षणाच्या अधिकृत हस्तपुस्तकाच्या आरंभीच्या आवृत्तीत सिकदारांचे ऋण मान्य केलेले होते. 1875 च्या आवृत्तीतून ते नाव गळाले. गणित तेच राहिले. नकाशातील एकाही बिंदूची जागा ह्यामुळे सरकली नाही, आणि म्हणूनच हा अन्याय नकाशावर शोधून सापडत नाही.

ह्याहून अवघड प्रसंग तिबेटचा. तेथे परक्यांना मज्जाव होता. म्हणून कुमाऊंमधील मिलम गावच्या नैनसिंग रावत ह्यांच्यासारख्या पहाडी माणसांना यात्रेकरूच्या किंवा व्यापाऱ्याच्या वेषात पाठवण्यात आले. त्यांच्या जपमाळेत 108 ऐवजी 100 मणी होते. शंभर पावलांना एक मणी सरकवला की पूर्ण माळेची दहा हजार पावले, म्हणजे सुमारे पाच मैल होत. प्रार्थनाचक्रात मंत्राऐवजी नोंदींचे कागद दडवलेले असत. 1866 च्या जानेवारीत नैनसिंग ल्हासाला पोहोचले. 1877 साली लंडनच्या राजेशाही भूगोल संस्थेने त्यांना सुवर्णपदक दिले. त्यांचे धैर्य आणि त्यांची अचूकता ह्यांविषयी दुमत नाही. परंतु वात्स्यायनाच्या कसोटीवर त्यांना बसवून पाहिले की एक विचित्र पेच उभा राहतो. नकाशा वाचणाऱ्याच्या दृष्टीने ते परिपूर्ण आप्त होत, कारण पाहिले ते पावलापावलाने मोजून त्यांनी जसेच्या तसे सांगितले. ज्यांच्या प्रदेशातून ते चालले त्या लोकांशी मात्र त्यांचे प्रत्येक वाक्य असत्य होते. एकच माणूस, एकाच प्रवासात, एकाला खरे सांगण्यासाठी दुसऱ्याशी खोटे बोलतो. प्रश्न असा की, ज्याच्या भूमीचा नकाशा काढला जातो त्याला त्या साक्षीत काहीच हक्क नाही काय?

ह्या प्रश्नाचे उत्तर ‘ज्ञान सर्वांचे असते’ असे देऊन मोकळे होण्याची सवय आहे. त्या उत्तराची किंमत कोणी भरली हे पाहावे. शरच्चंद्र दास 1879 मध्ये आणि पुन्हा 1881-82 मध्ये तिबेटात गेले. विद्वान म्हणून गेले, ग्रंथ आणले, आणि माहितीही आणली. त्यांना आश्रय देणाऱ्या सेंगचेन लामाला पुढे त्याबद्दल धरण्यात आले आणि 1887 साली नदीत बुडवून त्याचा अंत करण्यात आला. त्याच्या सेवकांनाही कठोर शिक्षा झाल्या. शिक्षा देणारे तिबेटचे शासन होते, आणि ती क्रूर होती, हे मान्य करूनही एवढे उरतेच की पाहुण्याने आपण कोणासाठी पाहत आहोत हे यजमानाला सांगितले असते तर यजमानाला निवड करता आली असती. दासांचा तिबेटी भाषेचा कोश आजही ग्रंथालयात मानाने ठेवलेला असतो. तो ठेवावाच. मात्र त्या कपाटापुढे उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्याला लामाचे नाव ठाऊक नसावे, हे काही ज्ञानाच्या सार्वत्रिकतेचे लक्षण नव्हे.

येथे सर्वेक्षणाच्याच इतिहासातील एक प्रसंग आठवतो. त्याचा नीतीशी वरकरणी संबंध नाही. कल्याणपूर आणि कल्याणा ह्या दोन स्थानकांमधील अक्षांशांचे अंतर त्रिकोणांवरून काढले आणि ताऱ्यांवरूनही काढले, तेव्हा दोहोंत सुमारे सव्वापाच विकलांचा फरक आला. ताऱ्यांचे निरीक्षण ओळंब्यावर अवलंबून असते, आणि उत्तरेकडचा हिमालय आपल्या वस्तुमानाने ओळंबा स्वतःकडे ओढतो, असा तर्क निघाला. 1855 साली आर्चडीकन प्रॅट ह्यांनी त्या ओढीचे गणित मांडले, तेव्हा ती जवळजवळ सोळा विकला यावयास हवी होती. म्हणजे पर्वत दिसतो तेवढा ओढत नव्हता. ह्या तिढ्यातूनच पर्वतांच्या मुळाशी हलका खडक असतो ही कल्पना निघाली आणि भूविज्ञानाला एक नवे दालन उघडले. सर्वेक्षकांचे मोठेपण येथे खरोखर दिसते. उत्तर जुळत नाही हे त्यांनी लपवले नाही, छापले. ज्या वस्तूचे माप घ्यावयाचे तीच मापाचे साधन कलते करते, हे एकदा कबूल केल्यावर किती कलते करते हे विचारता येते. दगडाच्या पर्वताविषयी जी कबुली त्यांनी दिली ती राज्यसत्तेविषयी देणे त्यांना सुचले नाही. तीही जवळच उभी होती आणि तिचीही ओढ होती.

ह्या ओढीचे परिणाम शोळिंगनल्लूरच्या शोधकाला लडाखच्या पानावर दिसतात. 1865 साली विल्यम जॉन्सन हा सर्वेक्षक लेहहून खोतानला जाऊन आला आणि त्याने अक्साई चीन काश्मीर संस्थानाच्या आत दाखवणारा नकाशा केला. 1899 मध्ये ब्रिटिश सरकारने चीनपुढे ठेवलेल्या प्रस्तावात रेषा वेगळी होती. स्वातंत्र्यानंतर 1950 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारताच्या नकाशात त्या भागापुढे सीमा ‘अनिर्धारित’ असल्याचा शब्द होता. 1954 पासूनच्या नकाशांत निश्चित रेषा आली. 1957 पर्यंत चीनने तेथून रस्ता पुरा केला होता, आणि 1962 मध्ये जे झाले ते सर्वांना ठाऊक आहे. सीमावादाचा निवाडा करणे हा येथील विषय नाही, आणि तो एखाद्या निबंधाने होण्यासारखाही नाही. विचार करावयाचा तो त्या एका शब्दाच्या जाण्याचा.

‘अनिर्धारित’ हा शब्द राज्यकर्त्याला अडचणीचा असतो हे समजण्यासारखे आहे. राज्य म्हणजे काही वाटसरू नव्हे. त्याला चौक्या बसवाव्या लागतात, कर आकारावा लागतो, आपले नागरिक कोण हे सांगावे लागते. जेथे आपला दावा आहे तेथे तो ठामपणे मांडणे हे राज्याचे कर्तव्यच आहे, आणि ते न करणारे राज्य आपल्या सीमेवरील माणसांना वाऱ्यावर सोडते, असा आक्षेप घेतला तर तो पोकळ नाही. तरीही दावा आणि साक्ष ह्या दोन वेगळ्या क्रिया आहेत. न्यायालयात वादी दावा करतो आणि साक्षीदार साक्ष देतो. एकाच तोंडाने दोन्ही बोलली गेली तर न्यायाधीश त्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो. सर्व राष्ट्रांचे अधिकृत नकाशे ह्या दोन क्रिया एकाच शाईने करतात. भारतात 1961 च्या कायद्याने देशाच्या सीमा चुकीच्या दाखवणारा नकाशा प्रसिद्ध करणे हा गुन्हा ठरला. शेजारी देशांतही अशीच बंधने आहेत. संगणकावरील जागतिक नकाशांनी तर ह्यातून एक सोयीची वाट काढली आहे: भारतात बसून पाहिले तर एक रेषा, अन्यत्र बसून पाहिले तर त्याच जागी तुटक रेषा. ह्यात कायदा पाळला जातो, कोणाची नाराजीही ओढवत नाही. फक्त ऐकणारा पाहून साक्ष बदलते. जुन्या रेनेलने उत्तरेला जागा कोरी ठेवली होती, त्याचे अज्ञान निदान सर्वांना सारखेच दिसत होते.

आणि उत्तरेचा नकाशा शोधणाऱ्याला स्वतःच्या पायाखालचा नकाशा मिळतो, असे तरी कोठे आहे? कित्येक दशके भारताच्या सीमेपासून आणि समुद्रकिनाऱ्यापासून सुमारे 80 किलोमीटरच्या पट्ट्यातील सविस्तर नकाशे सर्वसामान्य नागरिकाला परवानगीवाचून मिळत नसत. शोळिंगनल्लूर किनाऱ्याला लागूनच आहे. म्हणजे ज्या पेरुंबाक्कमवरून सगळ्या देशाचे माप निघाले तेथील रहिवाशाला आपल्या गावचे पान मागणे लडाखचे पान मागण्याइतकेच अवघड होते. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने खुली मालिका आणि संरक्षणाची मालिका असे दोन भाग केले, आणि 2021 च्या मार्गदर्शक सूचनांनी बंधने बरीच सैल केली. त्यातही एक गंमत राहिली. जुनी पाने एव्हरेस्टने ठरवलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेली आहेत आणि खुल्या मालिकेची पाने वेगळ्या, जगभर चालणाऱ्या आकारावर. त्यामुळे एकाच देवळाचे अक्षांश-रेखांश दोन्हींत शेकडो फुटांनी हुकतात. देऊळ कोठे आहे, ह्याचे उत्तर पृथ्वी कशी मानली ह्यावर ठरते.

पानांची टंचाई हा मात्र लहान भाग. मोठी गोष्ट पानावरच्या शब्दांची आहे. शोळिंगनल्लूर आणि पेरुंबाक्कम ह्यांच्या उत्तरेस पळ्ळिकरणैची पाणथळ पसरली आहे. दक्षिण मद्रासच्या अनेक तळ्यांचे जादा पाणी येथे येऊन थांबे आणि मग सावकाश समुद्राकडे जाई. महसुली दप्तरात अशा जमिनीला पडीक, निरुपयोगी असे मानले गेले, कारण तिच्यावर पीक नाही आणि पीक नाही म्हणून सारा नाही. मोजणी अचूक असेल, हद्दीचे दगडही जागच्या जागी असतील. शब्द मात्र चुकीचा पडला. त्या शब्दाच्या आधाराने पाणथळीवर कचऱ्याचे ढीग आले, रस्ते आले, कचेऱ्या आल्या. शहरातील नदीकाठच्या झोपड्यांतून हलवलेल्या हजारो कुटुंबांची उंच घरेही पेरुंबाक्कमलाच बांधली गेली. पूर्वी सुमारे पाच हजार हेक्टर मानली जाणारी पाणथळ कित्येक पटींनी आक्रसली. डिसेंबर 2015 मध्ये पाऊस कोसळला तेव्हा पाणी आपल्या जुन्या जागी परत आले. त्या जागी आता माणसे राहत होती. त्यांतील पुष्कळांना तेथे राहावयाचे की नाही हे कोणी विचारलेलेही नव्हते.

2022 साली पळ्ळिकरणैच्या 1,247 हेक्टरांहून अधिक क्षेत्राला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून रामसर यादीत स्थान मिळाले. आता नव्या पानांवर तेथे पाण्याची निळी खूण आणि नाव आहे. जुन्या पानावर त्याच जागी नुसत्या आडव्या तुटक रेघा दिसतात. कोणी मोजणीदाराने एकोणिसाव्या शतकात चिखलातून चालून त्या काढल्या असतील. दोन्ही पाने शेजारी ठेवली तर पेरुंबाक्कमची टेकडी दोन्हींवर आढळते. तिच्या माथ्यापासून उत्तरेकडे सेंट थॉमस माउंटपर्यंत पट्टी लावून पाहता येते. अंतर साडेसात मैलांहून किंचित अधिक भरते.